गॅस भरला म्हणजे एसी बदलला नव्हे

जुन्या गाडीचा एसी बंद पडला की नाशिकपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत चार सल्ले हमखास मिळतात. ‘134 भरून टाका, सगळे तेच करतात.’ ‘जुन्या गाडीत 134 गार करतच नाही, पैसे घालवू नका.’ ‘घरगुती सिलिंडरमधला गॅस भरा, बर्फासारखा चालेल.’ आणि शेवटी, ‘त्र्यंबकला एसी लागतो कशाला? पट्टा काढा आणि विसरून जा.’ मारुती 800 ची जुनी मॉडेलं, प्रीमियर 118 एनई, काँटेसा, पहिल्या पहिल्या एस्टीम अशा आर-12 वायूवर चालणाऱ्या गाड्या ज्यांनी जिवापाड जपल्या आहेत, त्यांना हे चारही सल्ले ऐकून ऐकून पाठ झाले असतील. माझ्या मते चारही चुकीचे आहेत. या गाड्यांचा एसी आर-134ए वर नेता येतो आणि नेला पाहिजे. मात्र ते काम पुरतं केलं तरच त्याला अर्थ आहे.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. गाव सुमारे 700 मीटर उंचीवर, वर ब्रह्मगिरी, मार्च ते मे सोडले तर उकाडा बेताचा. पण एसी फक्त गारव्यासाठी असतो हा समजच अपुरा आहे. इथे पाऊस नाशिक शहराच्या दुप्पट-तिप्पट पडतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून ओलेचिंब झालेली चार माणसं गाडीत बसली की पुढची काच आतून लगेच धुरकटते. फडक्याने पुसावी, पुन्हा धुरकटते. खिडकी उघडावी तर पाऊस आत. अशा वेळी एसी लावला की हवा थंड कॉइलवरून जाते, तिच्यातलं पाणी कॉइलवर जमून नळीवाटे गाडीखाली गळतं आणि कोरडी हवा काच साफ करते. मोखाडा-जव्हारकडे उतरणाऱ्या घाटरस्त्यावर, धुक्यात, समोरून बस येत असताना काच स्वच्छ असणं ही चैन नाही. पट्टा काढा म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत त्या रस्त्याने गाडी चालवून पाहावी.

आता पहिला सल्ला: 134 भरून टाका. सर्वांत जास्त नुकसान यानेच झालं आहे, कारण तो अर्धा खरा आहे. नुसता वायू भरला तरी एसी पहिल्या दिवशी गार करतो. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक मोकळा. बिघाड पुढे होतो आणि तो तेलाचा असतो. गाडीच्या एसीत कॉम्प्रेसरचं तेल वायूबरोबर सगळीकडे फिरतं आणि फिरून परत येतं. आर-12 मध्ये खनिज तेल विरघळत असे, म्हणून ते आपोआप परत यायचं. 134ए मध्ये ते विरघळत नाही. ते कंडेन्सरच्या नळ्यांत, कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर हळूहळू कोरडा पडतो. सीझन-दोन सीझनमध्ये तो खरखरू लागतो, मग जॅम होतो. त्या वेळी कोणी म्हणत नाही की तेल चुकलं. सगळे म्हणतात, ‘134 ने कॉम्प्रेसर खाल्ला.’ दुसरा सल्ला जन्माला येतो तो इथूनच.

म्हणून खनिज तेल काढायला हवं. कॉम्प्रेसर उतरवून उलटा करावा, तेल भांड्यात गळू द्यावं, नळ्या आणि कॉइल धुऊन घ्याव्यात. निघालेलं तेल काळपट असेल, त्यात चमकणारे धातूचे कण असतील, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. अशा कॉम्प्रेसरवर पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही. तेल ठीक निघालं तर नव्या तेलाचा प्रश्न येतो. कारखान्यातूनच 134ए वर आलेल्या बहुतेक गाड्यांत पीएजी तेल असतं. जुन्या गाडीसाठी मात्र एस्टर तेल बरं, कारण आर-12 च्या उरलेल्या क्लोरीनयुक्त अंशाशी पीएजीचं पटत नाही, शिवाय ते हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं. त्र्यंबकच्या पावसाळ्यात पीएजीचा डबा झाकण उघडा ठेवून चहाला जाणं म्हणजे ते तेल वाया घालवणं. एस्टरही ओलावा घेतं, पण कमी. माझं म्हणणं असं की हे काम हिवाळ्यात, कोरड्या हवेत करून घ्यावं. पावसाळ्यात करणं भागच असेल तर उघडलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडावर लगेच बूच बसलं पाहिजे.

ड्रायर तर बदललाच पाहिजे, त्यात घासाघीस नको. जुन्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे 134ए मध्ये टिकत नाहीत. त्यांची भुकटी होते आणि ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. ओ-रिंगा बदलाव्यात. 134ए चा रेणू लहान, त्यामुळे जुने रबरी पाइप चिरलेले असतील तर तेही बदलावेत.

मग व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा ओढायची ती केवळ हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी. दाब पुरेसा उतरला की आत लपलेलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. इथे त्र्यंबकची उंची आडवी येते. समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईत, चांगला पंप गेजचा काटा पाऱ्याच्या तीस इंचांच्या जवळ नेतो. त्र्यंबकला हवेचाच दाब कमी, त्यामुळे परिपूर्ण निर्वात झालं तरी काटा साडेसत्तावीसच्या आसपासच थांबणार. मुंबईत शिकून आलेला मुलगा तो काटा बघून पंप खराब ठरवतो. याच्या उलटही घडतं. गाडी घेऊन घाट उतरून मुंबईला गेलात आणि तिथल्या कारागिराने सत्तावीसला पंप बंद केला, तर आत पाणी राहिलंच म्हणून समजा. अर्धा तास तरी पंप चालवावा, मग बंद करून काटा जागचा हलतो का ते पाहत थांबावं. हलला तर गळती आहे, आणि गळती असताना वायू भरणं म्हणजे तो गोदावरीच्या उगमावरच्या हवेत सोडून देणं.

‘134 गार करत नाही’ या म्हणण्यात तथ्य किती? थोडं आहे, ते नाकारत नाही. कंडेन्सरमधलं तापमान 60 अंशांपर्यंत जात असेल तर आर-12 चा दाब 15 बारच्या आसपास असतो, 134ए चा जवळपास 17. जुना, जाड नळीचा कंडेन्सर हा वाढीव भार धावत्या गाडीत पेलतो. पण सणावाराला पार्किंगच्या रांगेत गाडी अर्धा तास जागेवर घुरघुरत असते, कंडेन्सरवर वारा नसतो, तेव्हा दाब चढतो आणि गारवा कमी होतो. यावर उपाय आहेत: कंडेन्सरपुढे एक जास्तीचा विजेचा पंखा, किंवा सरळ नव्या पद्धतीचा पॅरलल फ्लो कंडेन्सर. दाब मर्यादेबाहेर गेला तर कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही हवा.

पण अनेकदा दोष वायूचा किंवा कंडेन्सरचा नसून भरणाऱ्या हाताचा असतो. ड्रायरवर एक छोटी काच असते. आर-12 च्या काळात त्या काचेत बुडबुडे दिसेनासे झाले की वायू पुरा झाला असं समजत. हात त्याच सवयीने चालतो. 134ए मध्ये नेमका वायू असूनही बुडबुडे दिसू शकतात. ते घालवायच्या नादात आणखी वायू ढकलला की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. म्हणून काच बघू नये, वजनकाटा ठेवावा. आर-12 जितक्या वजनाचा होता त्याच्या 80 ते 90 टक्के 134ए पुरे. मूळ भरणा 800 ग्रॅमचा असेल तर साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम. ज्या गॅरेजात वजनकाटा नाही तिथे हे काम करून घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो.

तिसरा सल्ला, घरगुती गॅसचा, यावर मला चीड येते. प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण थंडावा उत्तम देतं, खनिज तेलाशी त्याचं जमतं, हे खरं. आज घराघरांतले फ्रिज आयसोब्युटेनवर चालतात, गोदरेजने 2012 पासून प्रोपेनवरचे एसी विकले. पण ती यंत्रं मुळातच त्यासाठी बांधलेली असतात. गाडीचं तसं नाही. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, माणसांच्या गुडघ्यांजवळ असते. लहान गाडीची केबिन दोन-अडीच घनमीटरची. त्यात शंभर ग्रॅम एलपीजी गळला तरी हवा पेटण्याइतपत होते. आणि त्र्यंबकला येणाऱ्या किती गाड्यांत डॅशबोर्डवर देवापुढे उदबत्ती लावलेली असते ते आपण रोज पाहतो. समोरून ठोकर बसली तर सगळ्यात आधी फुटतो तो कंडेन्सर. अमेरिकेत आर-12 च्या गाड्यांत असे ज्वलनशील वायू भरायला मनाई आहे ती याच कारणाने. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला नळी जोडणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

134ए देखील सीलबंद आणि बिलासकट घ्यावा. 2011 साली व्हिएतनाममध्ये भेसळीचा वायू भरलेले रीफर कंटेनर फुटून माणसं दगावली. 134ए च्या नावाखाली त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं आणि त्याची अ‍ॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया झाली होती.

काही सुशिक्षित मंडळी पाचवा सल्ला देतात: 134 ही आता जाणार, थेट 1234वायएफ घ्या. युरोपात 2017 पासून सगळ्या नव्या गाड्यांत 134ए बंद झाला हे बरोबर. पण तो नियम नव्या गाड्यांना आहे. 1234वायएफ महाग, किंचित ज्वलनशील, आणि त्याच्यासाठी वेगळी रचना लागते. भारताने माँट्रियल करारातली किगाली दुरुस्ती 2021 मध्ये स्वीकारली. त्यानुसार आपल्याकडे अशा वायूंचा वापर 2028 ला गोठणार, कपात 2032 पासून आणि 2047 पर्यंत 85 टक्के. तीस वर्षांच्या गाडीला पुरेल इतका काळ 134ए मिळत राहील.

या सगळ्या वादात एका गोष्टीचं नाव कोणी काढत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: बाहेर काढलेल्या जुन्या वायूचं काय? जुने कारागीर त्याला फ्रिऑन म्हणतात, काहींच्या तोंडी अजून ‘मॅफ्रॉन’. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की सीएफसी गटातले हे वायू वर जाऊन ओझोन खातात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचा खड्डा जगापुढे आला, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. 2003 पासून नव्या यंत्रांत सीएफसी वापरायला मनाई आली आणि 1 ऑगस्ट 2008 ला भारताने त्यांचं उत्पादन मुदतीआधी थांबवलं. एवढं सगळं करून गॅरेजात मात्र अजूनही पान्याने नट सैल करायचा आणि फुस्स आवाज होऊ द्यायचा! तो वायू ओझोनचा शत्रू आहेच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या 10,900 पट उष्णता धरतो. 800 ग्रॅम सोडला तर पावणेचार हजार लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार पडतो. मारुती 800 एवढ्या पेट्रोलवर साठ हजार किलोमीटर चालेल. नव्या भरण्याचा सातशे ग्रॅम 134ए सगळा गळाला तरी तो भार एक टनाचा, आर-12 च्या आठव्या-नवव्या हिश्श्याचा.

बऱ्याच गाड्यांतला आर-12 केव्हाच गळून गेला आहे. पण ज्या गाडीचं गेज अजून दाब दाखवतं, तिचा वायू रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्येच गेला पाहिजे. प्रत्येक लहान गॅरेजला हे मशीन परवडणार नाही. त्र्यंबक रोडवरच सातपूरला शासकीय आयटीआय आहे. 2027 च्या सिंहस्थाआधी रस्ते, घाट, पार्किंग यांवर एवढा खर्च होतो आहे. त्यातूनच तिथे एक रिकव्हरी मशीन आणि दोन सिलिंडर ठेवावेत. नाशिक-त्र्यंबकच्या गॅरेजवाल्यांनी जुनी गाडी उघडण्याआधी तिथे न्यावी, मुलांनी शिकता शिकता वायू काढून घ्यावा, सिलिंडर भरला की जाळून नष्ट करणाऱ्या भट्टीकडे रवाना करावा. गाडी परत आली की जुन्या आट्यांच्या तोंडांवर 134ए ची तोंडं बसवावीत, आणि बॉनेटच्या आत वायू, वजन, तेल, तारीख लिहिलेलं स्टिकर लावावं, म्हणजे पुढचा कारागीर पुन्हा भलतंच भरणार नाही.