दुरुस्ती करणाऱ्या पेशी आणि आपले वृद्ध रुग्ण

रक्तवाहिन्यांचे अस्तर घडवू शकतील अशा पेशी प्रौढ माणसाच्या रक्तातही फिरत असतात, हे १९९७ साली बोस्टनमध्ये ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. तोवर हे काम गर्भावस्थेतच आटोपते असा समज होता. पुढे २००३ मध्ये ४५ पुरुषांच्या अभ्यासात आढळले की हृदयविकाराची जोखीम जितकी जास्त, तितक्या या पेशींच्या वसाहती कमी आणि दंडाच्या धमनीचे प्रसरणही कमी. मग पेशीच टोचल्या तर वृद्धांचे बीपी मुळातून सुधारेल, ही कल्पना बाजारात यायला वेळ लागला नाही.

यामागचे शास्त्र खरेच विलक्षण आहे. अस्थिमज्जेतून या पेशी बाहेर पडायला नायट्रिक ऑक्साइड लागतो. वय आणि उच्च रक्तदाब या दोहोंत नेमका त्याचाच तुटवडा. अँजिओटेन्सिन-२ तर या पेशींना अकाली म्हातारे करतो. म्हणजे अस्तराची झीज वाढते तेव्हाच दुरुस्ती मंदावते.

पण सीडी-३४ या खुणेवरून रक्तातल्या या पेशी मोजल्या, तर तो आकडा वाचायचा कसा? आकडा कमी, म्हणजे मज्जा थकलेली. किंवा मुळात इजाच फारशी नाही. आकडा जास्त, म्हणजे मज्जा सशक्त. किंवा इजा एवढी की मज्जेला उसंतच नाही. शिवाय २००३ मध्ये वापरलेल्या त्या वसाहतींतल्या पेशी रक्तपेशींच्याच कुळातल्या, स्वतः अस्तर न होणाऱ्या, हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. ज्या आकड्याचे दोन उलटे अर्थ निघतात, त्यावर औषध ठरवू नये आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला त्यासाठी खर्चात पाडू नये. राहिली पेशी टोचण्याची गोष्ट. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त रीतसर चाचणीतच देता येतात. बीपीसाठी पॅकेज विकणाऱ्याकडे चिठ्ठी लिहून देणे म्हणजे रुग्णाशी प्रतारणाच.

आपल्या हाती जे आहे त्याचा पुरावा भक्कम आहे. २००८ च्या हायव्हेट चाचणीत ऐंशी आणि त्यापुढच्या ३८४५ रुग्णांपैकी निम्म्यांना इंडापामाइड, गरज पडल्यास जोडीला पेरिंडोप्रिल दिले, लक्ष्य १५०/८०. त्यांच्यात मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झाले. ‘आता या वयात कशाला गोळ्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे सांगावेत.

मात्र गर्दीच्या ओपीडीत आजोबा स्टुलावर टेकताच शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला जातो, हे थांबायला हवे. पाच मिनिटे बसू द्या, दंड उघडा, पाठीला टेका द्या. मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डोस वाढवण्याआधी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे का, हे विचारा. अनेकदा ती चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांची असते आणि आपल्या केसपेपरवर तिची नोंदच नसते.