गृहारोग्य : वैद्यापासून झांकलेली गोष्ट

घरांतील एखाद्या माणसास शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत न्यावयाचें ठरलें म्हणजे आपण त्याचें सारें आरोग्यवृत्त डॉक्टरांपुढें मांडतों. मधुमेह किती वर्षांचा, रक्तदाब कोणत्या गोळीनें ताब्यांत आहे, कोणतें औषध अंगास मानवत नाहीं, हें सर्व न विचारतांच सांगतों. एक प्रश्न मात्र असा आहे कीं, तो निघतांच घरची मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. "दारू घेतात काय?" या प्रश्नास "छे, आमच्यांत तसलें कांहीं नाहीं" किंवा फार तर "कधींमधीं, मित्रमंडळींत" असें उत्तर मिळतें. उत्तर देणारी माणसें दुष्ट नसतात. घराची अब्रू राखावी एवढाच त्यांचा हेतु असतो. परंतु ही अब्रू राखतांना रोग्याचा जीव कसा धोक्यांत पडतो, तें या महिन्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

मद्य हें मेंदूला लगाम घालणारें द्रव्य आहे. तें रोज पोटांत जाऊं लागलें म्हणजे मेंदूहि त्या लगामाविरुद्ध रोज अधिक जोर लावावयास शिकतो. असा लगाम एकाएकीं सुटला कीं मेंदू उधळतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात कांपूं लागतात, घाम फुटतो, छातींत धडधड होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणास आंकडीहि येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहीं थोड्या रोग्यांस वात होतो : काळवेळेचें भान सुटतें, नसलेले किडे भिंतीवर दिसूं लागतात, ताप चढतो, नाडी धांवते. वेळीं उपचार न झाल्यास यांत मृत्युहि येऊं शकतो.

एक उदाहरण कल्पनेनें घेऊं. भाईंदरचे एक सुशिक्षित गृहस्थ रोज लोकलनें चर्चगेटपर्यंत जातात, कामांत चोख आहेत, कोणाशीं कधीं भांडत नाहींत. रात्रीं परत आल्यावर मात्र खोलीचें दार लोटून ते एक क्वार्टर संपवितात. सोमवारीं जिन्यावरून घसरून त्यांचें मांडीचें हाड मोडतें. मंगळवारीं शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते. बुधवारीं रात्रीं ते सलाईनची नळी उपटूं लागतात. घरच्यांस वाटतें, हा भुलीचा परिणाम. डॉक्टर जंतुदोष शोधतात, रक्तांतील क्षार तपासतात. तें तपासणें अवश्यच असतें. पण मूळ कारण ठाऊक असलेली माणसें दाराबाहेर गप्प उभीं असतात आणि मोलाचे तास निघून जातात. सोमवारींच कोणी एक वाक्य बोललें असतें, तर ही स्थिति बहुधा टळली असती.

तेव्हां डॉक्टरांस "थोडीशी" असें न सांगतां माप सांगावें. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. 180 मिलिलिटरचा क्वार्टर म्हणजे असे 6 पेग झाले. बिअर सौम्य म्हणून ती मोजावयाची नाहीं, ही समजूतहि खोटी आहे. 8 टक्क्यांच्या बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलींत जवळजवळ 4 पेगांचें मद्य असतें. मापाबरोबर शेवटचा पेला केव्हां घेतला, आणि पूर्वीं दारू सुटली असतां आंकडी किंवा भ्रम झाला होता काय, हेंहि सांगणें अगत्याचें आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें 1989 मध्यें दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली; तिला 'ऑडिट' म्हणतात. तींत 0 ते 40 गुण असतात. 8 वा अधिक गुण आल्यास पिणें धोक्याचें समजावें, आणि 20 वा अधिक आल्यास व्यसन जडल्याचा दाट संशय घ्यावा, असा तिचा दंडक आहे. यकृताच्या व रक्ताच्या तपासण्यांतून सूचना मिळते खरी. परंतु तपासणी निर्दोष आली म्हणजे मनुष्य निर्व्यसनी, असें मुळींच नाहीं. नीट विचारलेला प्रश्न आणि त्याचें खरें उत्तर, हेंच येथें उत्तम साधन होय.

उपचार अवघड नाहींत. मेंदूस शांत करणारीं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखीं औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं देऊन क्रमानें कमी करतात. जोडीस थायमिन, म्हणजे ब 1 जीवनसत्त्व, सुईनें देतात. कारण त्याच्या अभावीं मेंदूस कायमची इजा होऊं शकते. यावरून आमच्या वाचकभगिनींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : जो मनुष्य कित्येक वर्षें रोज भरपूर पितो, त्यास देवापुढें शपथ घालून एका दिवसांत दारू तोडावयास लावणें घातक ठरूं शकतें. निश्चय स्तुत्य आहे. पण तो डॉक्टरांच्या सल्ल्यानें पार पाडावा. तसेंच, दारू पिणाऱ्यास ओकारी आणणारें डायसल्फिराम हें औषध त्याच्या नकळत भाजींत किंवा चहांत कालविण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. त्यावर मद्य घेतल्यास प्राणावर बेतूं शकतें.

कंप थांबला म्हणजे व्यसन सुटलें असें नव्हे. खरें काम तेथून पुढें सुरू होतें. त्यासाठीं नाल्ट्रेक्सोनसारखीं औषधें आहेत, आणि समुपदेशन आहे. गोव्यांतील 10 प्राथमिक आरोग्यकेंद्रांत 2013 ते 2015 या काळांत एक प्रयोग झाला. धोक्याचें पिणाऱ्या, पण अद्याप पूर्ण आहारीं न गेलेल्या पुरुषांशीं, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं अर्ध्या-पाऊण तासाच्या फार तर चार बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनीं पाहतां मागील पंधरवड्यांत दारूस न शिवलेले यांच्यांत शेंकडा 42 निघाले, तर बैठकी न मिळालेल्यांत शेंकडा 18. जे पीतच राहिले त्यांचें माप मात्र विशेष उतरलें नाहीं. चार बैठकींनीं सर्वांचें व्यसन सुटतें असें कोणी म्हणूं नये. पण आपुलकीच्या बोलण्यानें इतकें साधतें, हें थोडें नाहीं.

दुःखाची गोष्ट ही कीं, मदत मागावयास येणारे फार थोडे. केंद्र सरकारसाठीं झालेल्या आणि 2019 मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें मद्याच्या आहारीं गेलेल्या 38 जणांमागें एकानें कोठें तरी उपचार घेतला होता. महाराष्ट्रांत पुण्याचें 'मुक्तांगण' 1986 पासून हें कार्य करीत आहे. मीरा-भाईंदरच्या कुटुंबांस मार्गदर्शन हवें असल्यास 14446 या व्यसनमुक्तीच्या, किंवा 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य विचारतां येतें.

आरोग्यविम्याच्या भीतीनें कित्येक जण गप्प राहतात. ही भीति अगदींच निराधार नाहीं. व्यसनाच्या उपचाराचा खर्च पुष्कळशा विमापत्रांतून वगळलेला असतो. तथापि पैशाची तोंडमिळवणी मागाहून करतां येईल.

एकत्र कुटुंबांत खरें ठाऊक असतें तें बहुधा पत्नीस किंवा सुनेस. आणि सासरे, दीर, जाऊबाई यांच्यासमक्ष तिला तोंड उघडतां येत नाहीं. अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं तिला डॉक्टरांशीं एकांतांत बोलूं द्यावें, आणि ती काय बोलली हें नंतर विचारूं नये. रोग्याचें गुपित राखणें हें वैद्याचें जुनें कर्तव्य आहेच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, ज्यांत मद्याच्या व्यसनानें होणारे विकारहि येतात, त्यास कायद्याचेंहि पाठबळ दिलें आहे. पुढच्या वेळीं रुग्णालयाचा कागद भरतांना तो एक रकाना कोरा सोडूं नये, एवढीच आमची विनंति.