'प्राउड मेरी' पर्यटकांपुरते नाही



'प्राउड मेरी' हे जुने अमेरिकी गाणे गोव्यात अजून वाजते ते केवळ पर्यटकांच्या हौसेपायी, असे मागील अंकात एका वाचकाने लिहिले आहे. पटले नाही. आमच्या कारापूरला ना समुद्र, ना शॅक. तरी इथेही त्याचे चाहते आहेत.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलने 1969 मध्ये ते काढले. लिहिणारा जॉन फोगर्टी कॅलिफोर्नियाचा, गाण्यातल्या मिसिसिपी नदीपासून फार दूर वाढलेला. सुरुवातीच्या सुरांची कल्पना त्याला बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवरून सुचली. कडव्यात गिटारचा जवळजवळ एकच कॉर्ड, त्यामुळे नवशिका पोरगाही ते वाजवतो. शिवाय नोकरी सोडून नदीवर निघून गेलेल्या माणसाची गोष्ट कुठल्या नोकरदाराला कळणार नाही? आयक आणि टीना टर्नर यांनी 1971 मध्ये त्याला वेगळाच वेग दिला, तोही टिकला.

आमच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीकाठी भजने ऐकत वाढलेल्या कानांना, 'प्राउड मेरी'चे सगळ्यांनी मिळून उचलायचे ध्रुपद परके वाटत नाही.

आणि आपली देखणी, गोव्याचे ते नृत्यगीत? 'हांव सायबा पलतडी वयतां'मधली कलावंतीण नावाड्याला पैलतीरी न्यायची विनवणी करते. 1973 च्या 'बॉबी' चित्रपटातून ती चाल देशभर गेली. तिच्यावर डोलणाऱ्या किती जणांनी मांडवी नदी पाहिली होती?

पत्रलेखकाने ही दोन्ही गाणी एकदा लागोपाठ ऐकावीत आणि मग पुन्हा लिहावे.

— एक वाचक, कारापूर (डिचोली)