सरासरी मंदावली, तर बिघडले कुठे?

कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची साडेतीन मैलांची शर्यत १९७७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुरू झाली. तिच्याच फ्रँकफुर्टमधील शर्यतीत २००८ साली ७० हजारांहून अधिक लोक धावले. अशा शर्यतीची सरासरी वेळ वाढली, की कर्मचाऱ्यांचा दम कमी झाला, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. आधी पट्टीचे धावपटूच येतात. मग कधी न धावलेला हिशेबनीसही येतो. सरासरी त्याच्यामुळे मंदावते, आणि खरे यश तेच! वेगवानांची वेळ तेवढीच राहिली का, हे वेगळे पाहावे. मात्र कंपनीच्या पटावर नसलेला कंत्राटी सफाई कामगार या निकालपत्रात दिसणारच नाही. मग ‘निरोगी कंपनी’ म्हणजे नेमके कोण?