वजनाचा आकडा नको, चढ पाहा

लसीकरणाच्या दिवशी आईचा पहिला प्रश्न असतो, ‘वजन किती भरलं?’ आकडा बरा निघाला की जीव भांड्यात पडतो. पण एकटा आकडा बाळाच्या प्रकृतीविषयी फार थोडे सांगतो. अधिक कळायचे तर शाळेत शिकलेली सरळ रेषा आठवावी लागते.

समजा, चार महिन्यांच्या दोन मुलींचे वजन पाच-पाच किलो भरले. पहिली जन्मली तेव्हा २.२ किलोची होती, दुसरी ३.२ किलोची. म्हणजे पहिलीचे वजन महिन्याला सरासरी ७०० ग्रॅमने वाढले, दुसरीचे ४५० ग्रॅमने. आजचे वजन म्हणजे जन्मवजन अधिक महिन्याची वाढ गुणिले महिने. हेच रेषेचे समीकरण. रेषा उभ्या अक्षावर जिथून निघते तो आंतरछेद, म्हणजे जन्मवजन. दर महिन्याची वाढ हा तिचा चढ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार चार महिन्यांच्या मुलीसाठी पाच किलो ही कमी वजनाची सीमा आहे. काट्यावर दोघी सारख्याच. प्रत्यक्षात अशक्त जन्मलेली मुलगी सावरते आहे आणि जन्मतः चांगल्या वजनाची मुलगी मागे पडते आहे. चौकशी आधी दुसरीची व्हायला हवी: दूध पुरते का, वारंवार जुलाब किंवा ताप येतो का, घरात कोणाला क्षयरोग आहे का?

खरी वाढ अगदी सरळ रेषेत होत नाही. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि काही महिन्यांनी चढ मंदावतो. म्हणून तक्त्यावर छापलेल्या रेषा वक्र असतात. बाळाची रेषा त्यांच्या बरोबरीने चालली तर ठीक. ती आडवी झाली किंवा खाली वळली तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

माता-बाल संरक्षण कार्डात हा तक्ता असतो. पण वजन नुसते आकड्यात लिहून कार्ड मिटले, तर तक्त्याचा उपयोग काय? दर वेळी ठिपका द्यावा, मागच्या ठिपक्याशी जोडावा आणि रेषा कुठे चालली आहे ते आईला दाखवावे. पालकांनीही तसा आग्रह धरावा.

जन्मवजन मागे जाऊन बदलता येत नाही. ते सुधारायचे तर आईचा आहार आणि रक्तक्षय यांकडे गरोदरपणाआधीपासूनच लक्ष हवे. चढ मात्र अजून हातात असतो. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, त्यानंतर घट्ट वरण-भातासारखा पूरक आहार आणि आजारावर वेळेत उपचार, एवढ्याने बऱ्याच रेषा पुन्हा वर वळतात.