मामांची फेणी आणि भाच्याची स्कॉच

हे वाचून काहीजण नाराज होतील. तरी लिहितो.

गेल्या आठवड्यात भाचा ग्लासगोहून फोंड्याला आला. येताना ग्लेनमोरांजीची बाटली आणली, क्विंटा रुबान, १४ वर्षांची. "मामा, पोर्ट वाइनच्या पिंपात मुरवलेली आहे, तुला गोंयकाराला आवडणारच." रात्री मामेभाऊही आला.

भाच्याने सगळं समजावलं. ही व्हिस्की आधी १० वर्षं बर्बनच्या रिकाम्या पिंपांत राहते. अमेरिकेत बर्बनला नवंच पिंप वापरायचा कायदा, म्हणून तिथली जुनी पिंपं स्कॉटलंडला भरपूर मिळतात. उरलेली ४ वर्षं रुबी पोर्टच्या पिंपांत. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरु खोऱ्यातली वाइन. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची दारू ओततात, म्हणून गोडी शिल्लक राहते. स्कॉचमध्ये बाहेरून चव घालायला बंदी आहे. जे यायचं ते त्या ओकच्या लाकडातूनच.

खोटं कशाला बोलू, आवडली. रंग आगळात पाणी जास्त झालेल्या सोलकढीसारखा, तांबूस. आधी संत्र्याची साल, मग कडसर चॉकलेट, आणि गिळल्यावर बराच वेळ जिभेवर पुदिन्यासारखं थंड काहीतरी. चमचाभर पाणी घातलं तर अजून उघडली. 'वाइनचं पिंप म्हणजे व्हिस्कीला पावडर-लाली' म्हणणारे असतात, त्यांचं मला पटलं नाही.

मग मामेभाऊ म्हणाला, "ही दारू नव्हे रे, हे कल्चर!"

तिथे मला त्याचे वडील आठवले. आमचे मामा परसात विहिरीमागे बसून फेणी प्यायचे, स्टीलच्या पेल्यातून, मीठ चाटत. सदऱ्याला बोंडूचा वास यायचा. आजी त्यांचं ताट वेगळं मांडायची. बावन्नाव्या वर्षी यकृताने गेले, आणि 'काविळीने गेला' असं सांगायचं घरात ठरलं. आम्हा पोरांनाही तेच पाठ करायला लावलं. आज त्याच घरातल्या शोकेसमध्ये परदेशी बाटल्यांना आतून दिवा लावलेला आहे! मामांची ती व्यसन, आणि आपली ही अभिरुची?

मी दोन्ही बाटल्या उचलून टेबलावर ठेवल्या. फेणीवर लिहिलं होतं ४२.८ टक्के, स्कॉचवर ४६. यकृताला पिंप कळत नाही, असं म्हटलं तर भाऊ गप्प झाला.

उलट बाजूही आहे. काजूफेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या घरांत तिला अजून सर्दीवर चोळण्यापुरतीच जागा. काचेच्या गर्राफांवात ठेवलेली फेणी लाकडाच्या आड लपत नाही, बोंडू बोंडूच लागतो. जी ऐट आपण स्कॉचचा वास घेताना करतो, ती एकदा फेणीपुढे करून बघा. आणि जी भीती मामांच्या पेल्याची बाळगली, ती या नक्षीदार ग्लासाचीही बाळगा. पोरं दोन्ही बघत असतात.

भावाने दुसऱ्या पेगसाठी ग्लास पुढे केला तेव्हा मी बूच लावलं. तो रागावला, पण जाताना दारात थांबून विचारलं, "बाबा खरंच काविळीने गेले नव्हते, हे तुला कधीपासून ठाऊक?" त्याला मी खरं वर्ष सांगितलं.

बाटली पाऊण भरलेली आहे. शोकेसमध्ये नाही, स्वयंपाकघरातल्या कपाटात, फेणीशेजारी.