हरलेल्याचे काय चुकले?

पत्त्यांच्या एका डावाविषयी साहित्य-समीक्षेच्या पानावर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्ही दोघेही मेंढीकोट आणि रमीच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. पोकर आम्ही खेळत नाही आणि कोणाला खेळा असे सांगतही नाही. परंतु जुलै २०१० मध्ये लास व्हेगास येथे झालेल्या एका डावाची चित्रफीत आमच्या स्टाफरूममध्ये पाहिली गेली, तिच्यावरून वाद पेटला, आणि त्या वादात आमच्या सुविद्य सहकाऱ्यांनी जी मते मांडली ती केवळ पत्त्यांपुरती नाहीत अशी आमची खात्री झाली. सबब हा लेखप्रपंच.

प्रथम डाव सांगू. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत त्या वर्षी ७,३१९ जणांनी प्रत्येकी दहा हजार डॉलर भरून भाग घेतला होता. त्यांतले पंधराच उरले असताना मॅट अॅफ्लेक हा अमेरिकन तरुण आणि क्यूबेकचा जोनाथन दुआमेल समोरासमोर आले. या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात आणि मधोमध पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. अॅफ्लेकजवळ दोन एक्के होते, दुआमेलजवळ दोन गुलाम. मध्ये दश्शी, नव्वी, सत्ती उघडली. चौथे पान राणीचे आले. अॅफ्लेकने आपल्या साऱ्या चिप्स पुढे सारल्या. दुआमेलने बराच वेळ विचार केला आणि आव्हान स्वीकारले. मधला ढीग आता चार कोटींहून अधिक चिप्सचा झाला होता.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून मोजावे. आठ पाने उघड झाली, चव्वेचाळीस उरली. दुआमेलला तारणारी पाने किती? दोन गुलाम, चार बादशहा, चार अठ्ठ्या, एकूण दहा. उरलेल्या चौतीस पानांपैकी कोणतेही आले असते तरी अॅफ्लेक जिंकला असता. आली अठ्ठी. अठ्ठीपासून राणीपर्यंतची माळ पुरी झाली. अॅफ्लेक पंधरावा ठरून, सुमारे पाच लाख डॉलर घेऊन आणि डोळ्यांतले पाणी लपवीत बाहेर पडला. दुआमेलने नोव्हेंबरात विजेतेपद आणि ८९ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. अशा हारीला पोकरच्या भाषेत ‘बॅड बीट’ म्हणतात.

आमच्या स्टाफरूममध्ये या हारीवर तीन निकाल दिले गेले. पहिला निकाल: जुगार खेळला, आपटला, रडायचे काय? दुसरा: ही नियती; अॅफ्लेक म्हणजे शोकांतिकेचा नायक. तिसरा, आणि सर्वांत आवडता: त्याचे कुठेतरी चुकलेच असणार. हे तिन्ही निकाल आम्हाला अमान्य आहेत.

पहिल्याविषयी फार लिहीत नाही. जुगाराचा निषेध करण्याचा अधिकार सर्वांना आहे. पण तो निषेध जिंकलेल्यालाही लागू व्हावा. दुआमेलच्या विजयाचे कौतुक आणि अॅफ्लेकच्या अश्रूंना नीतिपाठ, हा न्याय नव्हे.

दुसरा निकाल साहित्याच्या माणसांना मोहवणारा आहे, म्हणून अधिक धोक्याचा. चव्वेचाळिसांत दहा म्हणजे जवळजवळ चारांत एक. आठवड्यातून दीड दिवस घडणाऱ्या गोष्टीला आपण नियती म्हणत नाही. विस्मयाची ही हाव पुष्कळदा चुकीच्या गणितावर पोसली जाते. २००८ साली याच स्पर्धेत मोतोयुकी माबुची या खेळाडूचे चार एक्के जस्टिन फिलिप्सच्या रॉयल फ्लशपुढे हरले, तेव्हा ‘२७० कोटींत एक’ असा आकडा गाजला. तो कसा निघतो? सुट्या पाच पानांत रॉयल फ्लश येण्याची शक्यता ६,४९,७४० मध्ये एक, चौकडी येण्याची ४,१६५ मध्ये एक. या दोहोंचा गुणाकार केला की झाले. पण येथे प्रत्येकाजवळ सात पाने असतात आणि त्यांतली पाच सामाईक असतात. दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र नाहीतच. खरा आकडा पुष्कळच लहान निघेल. तो रोमांचक वाटला नसता, इतकेच.

आता शोकांतिकेविषयी. अॅरिस्टॉटलच्या नायकाच्या हातून काही प्रमाद घडावा लागतो. अॅफ्लेकच्या हातून कोणता घडला? आपल्या द्यूतकथाही अशा वेळी साह्याला येत नाहीत. युधिष्ठिर हरतो, कारण समोर शकुनी आहे. नळ हरतो, कारण त्याच्या शरीरात कली शिरला आहे. म्हणजे हारीला एक कपटी तरी हवा किंवा एक पिशाच तरी. त्याच नलोपाख्यानात पुढे ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पाने-फळे अंदाजाने मोजतो, नळ ती पडताळून पाहतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. मग कली त्याला सोडतो. मोजणी आली तेव्हा पिशाच गेले, असे ही कथा स्वच्छ सांगते. आम्ही वर्गात मात्र वर्षानुवर्षे कलीच शिकवत आलो.

तिसरा निकाल आमच्या जिव्हारी लागला आहे, कारण तो आम्हीच एकदा दिला होता. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेत एका गुणाने राहिला. अभ्यासाची शिस्त, वाचन, उत्तरांची बांधणी, सारे आम्ही जवळून पाहिले होते. तो भेटायला आला तेव्हा आम्ही त्याला मोठ्या आपुलकीने म्हणालो, “कुठे कमी पडलास ते शोध.” त्याने शोधले. शोधणाऱ्याला दोष सापडतोच. पुढच्या वर्षी त्याने बरोबर होते तेच बदलले: वाचनाची पद्धत, विषय, लिहिण्याची शैलीसुद्धा. त्या वर्षी तो एका गुणाने नव्हे, पुष्कळ गुणांनी राहिला. त्याला दैवाने एकदा हरवले होते; दुसऱ्यांदा आम्ही हरवले.

समीक्षेतही आपण हेच करतो. पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत मागाहून थोरवी सापडते, खपल्या न गेलेल्या संग्रहात मागाहून उणिवा. निकालावरून गुणवत्ता ठरवायची आणि मग त्या गुणवत्तेनेच निकाल समजावून सांगायचा, या वर्तुळाला आपण आस्वाद म्हणतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे: प्रत्येक हरणारा उद्या ‘माझे काहीच चुकले नाही’ म्हणू लागेल. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्यापूर्वी कितीतरी घरांतल्या मुलांनी हेच वाक्य स्वतःशी म्हणत कर्ज वाढवले. आमचे उत्तर असे, की हे वाक्य म्हणण्याआधी मोजावे लागते. शेवटचे पान उघडण्यापूर्वी, त्या क्षणी माणसाला जे ठाऊक होते त्यावरून निर्णय योग्य होता काय, एवढीच कसोटी. अॅफ्लेक या कसोटीला उतरतो, कारण चौतीस आणि दहा हे आकडे कोणीही पडताळून पाहू शकतो. कर्जात बुडालेला मुलगा न मोजताच दैवाला दोष देतो. त्याला मोजायला शिकवणे हे दोष देण्यापेक्षा उपकाराचे आहे.

‘तुझे काही चुकले नाही’ हे वाक्य शिक्षकाला जड जाते, कारण त्यानंतर सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. चूक असली की उपाय असतो, उपाय असला की आम्ही असतो. त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी हे वाक्य सांगून, समोर चहा ठेवून, गप्प बसायला हवे होते. तेवढे आमच्याने झाले नाही. ती चूक मात्र आमची होती, आणि ती दैवावर घालता येत नाही.